चौरस्त्यावरील पाटी व आपलें कर्तव्य

ज्या ठिकाणीं दोन रस्ते एकमेकांस मिळतात तें ठिकाण गांवाच्या जीवनांत फार महत्त्वाचें असतें. तेथें चहाचें दुकान असतें, एस.टी. थांबते, बाजारास जाणारीं व बाजाराहून परतणारीं माणसें भेटतात, आणि गांवची बातमी प्रथम तेथेंच फुटते. ‘चव्हाट्यावर येणें’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेंत उगीच रूढ झालेला नाहीं. मात्र ज्या चव्हाट्यावर पूर्वीं माणसास अब्रू जाण्याचें भय वाटे, तेथें आतां जीव जाण्याचें भय उत्पन्न झालें आहे. यास्तव चौरस्त्यावर पाटी असावी कीं नाहीं, ती कोणीं लावावी, व लावल्यावर ती कोणीं पाळावी, हा प्रश्न दिसण्यांत क्षुल्लक असला तरी वस्तुतः क्षुल्लक नव्हे.

शाळेच्या वार्षिकांत विद्या, विनय व शील यांवर लेख यावेत, रस्त्यावरील खांबाचें येथें काय काम, असें एखादा वाचक म्हणेल. त्यास उत्तर इतकेंच, कीं या पाटीची ज्यास सर्वांत अधिक गरज, तो शाळेंत पायीं किंवा सायकलीवर येणारा विद्यार्थी होय. आणि पाटीसंबंधीं वादविवाद होतो तेव्हां ज्यास कोणी विचारीत नाहीं, तोही तोच होय.

उदाहरणासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यांत बीबी हें गांव आहे. जालन्याहून सिंदखेडराजा, दुसरबीड, बीबी, सुलतानपूर, मेहकर अशा क्रमानें पूर्वेकडे जाणारा मोठा रस्ता या गांवावरून जातो. नागपूर व मुंबई यांमधील कित्येक वाहनें वर्षानुवर्षें याच वाटेनें गेलीं. एकीकडे जिजाऊंचें जन्मस्थान सिंदखेडराजा. तेथें १२ जानेवारीस लाखों लोक जमतात. दुसरीकडे उल्कापातानें निर्माण झालेलें लोणारचें सरोवर. तें पाहावयास दूरदूरचे प्रवासी येतात. शेगांवच्या श्रीगजानन महाराजांची पालखी पंढरपुराहून परततांना याच भागांतून पायीं चालत जाते. म्हणजे एकाच डांबरी पट्टीवर ताशीं चार किलोमीटर चालणारा वारकरी, कापसानें भरलेली बैलगाडी, सोयाबीनच्या पोत्यांचा ट्रॅक्टर, शाळकरी मुलांच्या सायकली, आणि या सर्वांस वीसपट वेगानें ओलांडूं पाहणारी मोटार, अशीं सर्व एकत्र येतात. रस्ता एक, पण त्यावर गती अनेक. खऱ्या संकटाचें मूळ येथें आहे.

आतां याच जिल्ह्यांतील दुसऱ्या रस्त्याकडे पाहावें. नागपूर-मुंबई समृद्धि महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा पहिला भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला, आणि ५ जून २०२५ रोजीं शेवटचा भाग खुला होऊन ७०१ किलोमीटरांचा सबंध मार्ग पुरा झाला. तो मेहकर, लोणार व सिंदखेडराजा या तालुक्यांतूनच गेला आहे. या मार्गावर चौरस्ता नाहीं. गांवचे रस्ते त्याच्या खालून तरी जातात, नाहीं तर वरून तरी. यावरून एक गोष्ट आपोआप सिद्ध होते. दोन रस्त्यांची भेट हीच वाहतुकींतील मोठी धोक्याची जागा, हें स्थापत्यशास्त्र जाणणाऱ्यांस पुरें ठाऊक आहे. आणि जेथें द्रव्य उपलब्ध झालें तेथें त्यांनीं ती भेटच नाहींशी केली. खेड्यांतील चौरस्त्यावर असें करतां येत नाहीं. तेथें दोन रस्ते भेटणारच. मग त्या भेटींत शिस्त आणण्याचें स्वस्तांतील स्वस्त साधन कोणतें? तर पाटी. पाटी म्हणजे गरिबाचा उड्डाणपूल होय.

१ जुलै २०२३ च्या रात्रीं समृद्धि महामार्गावर सिंदखेडराजा तालुक्यांतील पिंपळखुट्याजवळ एक खासगी बस उलटून पेटली व २५ प्रवासी प्राणांस मुकले. साऱ्या देशांत हळहळ झाली, चौकशा झाल्या, वर्तमानपत्रांचे रकाने भरून गेले. तें योग्यच झालें. पण गांवच्या चौरस्त्यावरील मरण असें पंचविसांच्या संख्येनें येत नाहीं. तें एकट्यादुकट्यास गांठतें. आज एक म्हातारा, चार महिन्यांनीं एक शाळकरी मुलगी. त्याची चौकशी पंचनाम्याबरोबर संपते. १ वर्षांत, म्हणजे २०२२ सालीं, भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं, असें सरकारी अहवाल सांगतो. म्हणजे दररोज सरासरीनें ४६० हून अधिक. एवढीं माणसें एखाद्या रोगानें मेलीं असतीं तर आपण गांवोगांव औषधें वाटलीं असतीं. येथें मात्र आपण ‘नशीब’ म्हणून गप्प बसतों.

गांवांतून हा वाद कसा चालतो, तें पाहण्यासारखें आहे. अपघात झाला कीं रहिवासी रस्त्यावर जमतात व ‘येथें आजच्या आज गतिरोधक टाका’ अशी मागणी करितात. अधिकारी येतात व म्हणतात, ‘मोठ्या रस्त्यावर मनास येईल तेथें गतिरोधक टाकतां येत नाहीं, अर्ज करा, पाहणी होईल.’ रहिवासी म्हणतात, ‘पाहणी होईपर्यंत आणखी किती मरावेत?’ अधिकारी म्हणतात, ‘पूर्वीं लावलेल्या पाट्या तुम्हींच वांकविल्या, त्यांवर वाढदिवसाचे फलक बांधले, नव्या लावून उपयोग काय?’ दोन्ही पक्ष तावातावानें बोलतात, आणि दोघांच्याही बोलण्यांत कांहीं सत्य असल्यामुळें कोणीच माघार घेत नाहीं. चार दिवसांनीं लोक शेतावर जातात, अधिकारी कचेरींत जातात, व चौरस्ता पूर्वीं होता तसाच राहतो. आमच्या मतें या वादांत प्रत्येक पक्षाचें काय बरोबर व काय चूक, हें निःपक्षपातीपणें पाहिल्याशिवाय निकाल लागावयाचा नाहीं.

प्रथम अधिकाऱ्यांची बाजू घेऊं. गतिरोधकाविषयीं त्यांचें म्हणणें पुष्कळ अंशीं खरें आहे. गतिरोधक म्हणजे रस्त्यावर ओतलेला डांबराचा ढीग नव्हे. भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेनें १९८८ सालीं त्याचें माप ठरवून दिलें, तें असें: रुंदी ३.७ मीटर, मध्यावर उंची केवळ १० सेंटीमीटर, आणि आकार वाटोळा. म्हणजे ताशीं सुमारें २५ किलोमीटरनें जाणारें वाहन धक्का न बसतां ओलांडून जाईल. त्यावर रंगाचे पट्टे पाहिजेत, आणि अलीकडे सूचना देणारी पाटी पाहिजे. गांवकऱ्यांनीं एका रात्रींत घातलेला अरुंद, उंच, बिनरंगी उंचवटा हा रक्षक नसून स्वतःच घातक होतो. अंधारांत मोटार-सायकलीवरील माणूस त्यावरून उडतो; बाळंतिणीस नेणाऱ्या गाडीस प्रत्येक धक्का जीवघेणा होतो. म्हणून ‘आधीं पाटी, आधीं पट्टे, मग शास्त्रोक्त गतिरोधक’ हा क्रम आम्हांस मान्य आहे.

परंतु अधिकाऱ्यांच्या दुसऱ्या एका युक्तिवादास आमचा ठाम विरोध आहे. ‘या ठिकाणीं अद्याप पुरेसे अपघात झाले नाहींत’ हा तो युक्तिवाद. राष्ट्रीय महामार्गांवरील ‘अपघातप्रवण स्थळ’ ठरविण्याची व्याख्या अशी आहे, कीं सुमारें ५०० मीटरांच्या टप्प्यांत ३ वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले पाहिजेत, अथवा १० माणसें मेलीं पाहिजेत. पैसा थोडा व रस्ते फार, तेव्हां प्रथम कोठें खर्च करावा हें ठरविण्यास अशी कांहीं मोजपट्टी लागते, हें आम्हीं समजूं शकतों. पण मोठ्या दुरुस्तीचा क्रम लावण्यासाठीं केलेली मोजपट्टी साध्या पाटीच्या आड येऊं लागली, तर ती माणुसकीस सोडून झाली. विहिरीस कठडा बांधण्यापूर्वीं तींत किती मुलें पडलीं याचा हिशेब कोणी मागत नाहीं. चौरस्ता दिसतो, शाळा दिसते, वळणामुळें पलीकडचें दिसत नाहीं हेंही दिसतें. एवढें दिसल्यावर पाटी लावण्यास आणखी पुरावा कशास पाहिजे?

हा केवळ भावनेचा प्रश्न नव्हे, हें आमचे विद्यार्थिमित्र गणितानें पडताळून पाहूं शकतील. ताशीं ३० किलोमीटरनें जाणारी मोटार एका सेकंदांत सुमारें ८ मीटर जाते; ताशीं ६० किलोमीटरनें जाणारी सुमारें १७ मीटर. समोर मूल दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो असें धरावें. पुढें ब्रेक लागल्यावर वाहन थांबण्यास जें अंतर लागतें, तें वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें; वेग दुप्पट तर अंतर चौपट. कोरड्या रस्त्यावर पहिलें वाहन सुमारें ६ मीटरांत थांबलें तर दुसऱ्यास सुमारें २३ मीटर लागतात. एकंदर हिशेब असा, कीं पहिली मोटार १४ मीटरांत थांबते, दुसरी ४० मीटरांत. पंचवीस मीटरांवर रस्ता ओलांडणाऱ्या मुलाचें पुढें काय होतें, तें या दोन आंकड्यांतच लिहिलेलें आहे. पावसांत अंतर अधिकच वाढतें. पाटीचें कार्य इतकेंच, कीं मूल दिसण्यापूर्वींच चालकाच्या मनांत मूल उभें करावें. त्रिकोणांत काढलेलीं तीं दोन धांवतीं मुलें म्हणजे पुढें येऊं घातलेल्या खऱ्या मुलांची आगाऊ वर्दी होय.

या चिन्हांची भाषाही मोठी मनोरंजक व विचारपूर्वक बनविलेली आहे. लाल कडेचा त्रिकोण सावध करितो; वर्तुळ आज्ञा करितें; निळा चौकोन माहिती देतो. ‘थांबा’ या चिन्हास आठ बाजू असतात, आणि ‘वाट द्या’ हा त्रिकोण उलटा असतो. असे आकार इतर कोणत्याही पाटीस नाहींत. कां? तर धुळीनें अक्षरें झांकलीं, रंग उडाला, किंवा पाटीची नुसती पाठ दिसली, तरी आकारावरून ती ओळखतां यावी. ज्यास वाचतां येत नाहीं त्यासही ती वाचतां यावी, ही या भाषेची थोरवी. मनुष्यानें ही भाषा एका दिवसांत सिद्ध केलेली नाहीं. लंडन शहरांत १८६८ सालच्या डिसेंबरांत पार्लमेंटाजवळ वाहतुकीसाठीं पहिला दिव्याचा खांब उभारला. तो गॅसवर चालत असे, आणि पुढच्याच महिन्यांत त्याचा स्फोट झाला. तरी लोकांनीं ती कल्पना टाकून दिली नाहीं. आज जगांतील बहुतेक देशांत या चिन्हांचे आकार व अर्थ थोड्याफार फरकानें सारखेच आहेत. परकीय भाषा शिकण्यास वर्षें लागतात. ही जगाची भाषा एका दुपारींत शिकतां येते.

आतां रहिवाशांची बाजू. त्यांचा संताप खरा, त्यांचें दुःख खरें. पण संतापाबरोबर आत्मपरीक्षणही पाहिजे. चौरस्त्यावरील पाटीवर पुढाऱ्याच्या अभिनंदनाचा फलक कोण बांधतो? वळणावर दृष्टि अडविणारी टपरी कोणाच्या मूक संमतीनें उभी राहते? सोयाबीन व तूर रस्त्यावर पसरून येणाऱ्याजाणाऱ्या चाकांखालीं मळणी करून घेण्याची रीत कोणाची? मागील बाजूस लाल दिवा किंवा चमकणारी पट्टी नसलेली ट्रॉली अंधारांत रस्त्याच्या मध्यभागीं कोण उभी करितो? हें सर्व बाहेरचे लोक येऊन करीत नाहींत. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ११६ प्रमाणें वाहतुकीचें चिन्ह मुद्दाम काढणें, बदलणें वा विद्रूप करणें यास मनाई आहे. पण कायद्याची गोष्ट बाजूस ठेवली, तरी जो खांब आपल्याच मुलाच्या रक्षणासाठीं उभा आहे, तो वांकविणें म्हणजे आपल्याच घराचें दार मोडून जाळणें नव्हे काय?

पालकवर्गास एक गोष्ट स्पष्टच सांगितली पाहिजे. अठरा वर्षें पुरीं न झालेल्या मुलाच्या हातीं मोटार-सायकलीची किल्ली देणें हें कौतुक नसून अपराध आहे. २०१९ च्या दुरुस्तीनें कायद्यांत कलम १९९-अ घालण्यांत आलें; त्याप्रमाणें अशा मुलाकडून वाहतुकीचा अपराध घडल्यास पालकास किंवा वाहनाच्या मालकास ३ वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊं शकतो. ‘शेत लांब आहे, मुलगा हुशार आहे, एवढ्यानें काय होतें?’ असें म्हणणाऱ्या बापानें हें ध्यानांत धरावें, कीं मुलाची हुशारी समोरून येणाऱ्या ट्रकास ठाऊक नसते. शिवाय जो बाप स्वतः ‘थांबा’ या पाटीपुढें थांबत नाहीं, त्याच्या मागें बसलेला मुलगा त्या क्षणीं एक धडा शिकत असतो. तो धडा शाळेंत आम्हीं दहा वर्षें शिकविलें तरी पुसला जात नाहीं.

त्याच दुरुस्तीनें अधिकाऱ्यांवर व ठेकेदारांवरही जबाबदारी टाकली आहे. कलम १९८-अ असें सांगतें, कीं रस्त्याची रचना, बांधणी व देखभाल ठरलेल्या दर्जाप्रमाणें न केल्यामुळें मृत्यु वा अपंगत्व आल्यास संबंधितांस १ लाख रुपयांपर्यंत दंड होईल. म्हणजे पाटी लावणें ही आतां मेहरबानी राहिली नाहीं. मात्र दाद मागणाऱ्यानें प्रथम रस्ता कोणाचा हें ओळखलें पाहिजे. गांवांतील गल्ली ग्रामपंचायतीची, गांवांना जोडणारा रस्ता बहुधा जिल्हा परिषदेचा, मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा किंवा राष्ट्रीय महामार्गाचा. चौरस्त्याचा घोटाळा असा, कीं तेथें दोन मालकांचे रस्ते मिळतात. आणि दोघां मालकांची विहीर कोणीच उपशीत नाहीं, तशी तेथील पाटी कोणीच लावीत नाहीं. याच कारणास्तव कायद्याच्या कलम २१५ मध्यें जिल्ह्याजिल्ह्यांत रस्ता सुरक्षा समितीची योजना आहे. पोलीस, परिवहन, बांधकाम व महसूल या खात्यांनीं एकाच मेजाभोंवतीं बसावें हा तिचा हेतु. गांवची मागणी तेथपर्यंत लेखी पोंचली पाहिजे. रस्ता अडवून मिळालेलें आश्वासन रस्ता मोकळा झाला कीं विरतें. कागदावरील मागणीस मात्र कागदावर उत्तर द्यावें लागतें.

परदेशांतील एक उदाहरण येथें सांगण्याजोगें आहे. हॉलंड म्हणजे आज सायकलींचा देश म्हणून प्रसिद्ध आहे. पण १९७१ सालीं तेथें रस्त्यांवर सुमारें ३,३०० माणसें मेलीं व त्यांत ४०० हून अधिक मुलें होतीं. विक लांगेनहोफ या वृत्तपत्रकाराची मुलगी शाळेच्या वाटेवर वाहनाखालीं सांपडून गेली. त्यानें १९७२ सालीं ‘मुलांची हत्या थांबवा’ अशा मथळ्याचा लेख लिहिला, आणि त्याच नांवाची चळवळ उभी राहिली. आईबाप व मुलें रस्त्यांवर उतरलीं, पण तेवढ्यावर थांबलीं नाहींत. कोणता रस्ता धोक्याचा, कोठें वेग कमी केला पाहिजे, हें त्यांनीं अधिकाऱ्यांपुढें मांडलें. पुढें तेथें वस्तींतील रस्ते असे बांधले जाऊं लागले, कीं मोटारीनें पायीं चालणाऱ्याच्या चालीनें जावें. दुःखाचें रूपांतर गाऱ्हाण्यांत न होतां कामांत झालें, हें त्या चळवळीचें मर्म.

आपल्याकडे असें काम होऊं शकेल काय? आमच्या मतें होऊं शकेल, आणि त्याचा आरंभ शाळेंतून व्हावा. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं शिक्षकांच्या देखरेखीखालीं, रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर बसून, शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळीं अर्धा-अर्धा तास वाहनें मोजावींत. किती आलीं, किती मंद झालीं, किती तशींच गेलीं, किती मुलांनीं रस्ता ओलांडला, याची नोंद ठेवावी. चौरस्त्याचा नकाशा काढावा. कोणत्या पाट्या आहेत, कोणत्या पाहिजेत, कोणत्या झाडाझुडपांनीं वा फलकांनीं झांकल्या आहेत, तें त्यावर दाखवावें. भूगोल, गणित व मातृभाषा या तिन्ही विषयांचा याहून उत्तम अभ्यास कोणता? हा नकाशा व हीं टिपणें ग्रामसभेपुढें ठेवावींत, आणि ग्रामसभेच्या ठरावासह तीं जिल्ह्याच्या समितीकडे जावींत. ‘येथें फार धोका आहे’ असें शंभर लोकांनीं ओरडून सांगण्यापेक्षां ‘अर्ध्या तासांत इतकीं वाहनें गेलीं व त्यांपैकीं इतकीं मंद झालीं’ असें एका मुलानें शांतपणें सांगितलेलें अधिक वजनदार ठरतें.

हें मुलांचें काम नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. मुलांनीं अभ्यास करावा, वडिलांनीं रस्ते पाहावेत, हें तत्त्व ऐकण्यास गोड आहे. पण वडिलांनीं रस्ते पाहिले असते तर हा लेख लिहावाच लागला नसता. शिवाय ज्या विद्यार्थ्यानें चौदाव्या वर्षीं पाटीची जागा स्वतः मोजून ठरविली, तो विसाव्या वर्षीं ती पाटी मोडणार नाहीं, आणि चाळिसाव्या वर्षीं अधिकारी झाला तर ‘पुरेसे अपघात झाले नाहींत’ असें म्हणणार नाहीं. नागरिकत्वाचें शिक्षण यालाच म्हणावें.

शेवटीं एवढेंच, कीं पाटी ही सरकारची नव्हे व गांवाचीही नव्हे. परस्परांस न ओळखणाऱ्या दोन माणसांनीं चौरस्त्यावर एकमेकांस दिलेलें तें वचन आहे: ‘मी थांबतों, तूं जा, पुढल्या वेळीं तूं थांब, मी जाईन.’ तें वचन लोखंडाच्या पत्र्यावर रंगविणें हें अधिकाऱ्यांचें कर्तव्य, तो पत्रा स्वच्छ व उघडा राखणें हें गांवाचें कर्तव्य, आणि तेथें पाय टेकून थांबणें हें तुमचें-आमचें कर्तव्य. तिघांपैकीं एकानें आपला वांटा सोडला कीं उरलेल्या दोघांचे श्रम फुकट जातात. आपल्या गांवची ग्रामसभा पुन्हा भरेल तेव्हां तिच्या कामकाजांत हा विषय असावा, आणि त्या सभेस पालकांनीं मुलांस बरोबर न्यावें, एवढी विनंति करून हा लेख पुरा करितों.